30 कोटीचं दार आणि 32 कोटी पिक्सेल: दाजींचा अल्ट्रावाईड ऑनबोर्ड ग्राफिक्सवर कसा चालला

आमचे दाजी कोल्हापुरात जीएसटीची कामं करतात. घरातल्याच पुढच्या खोलीत ऑफिस आहे, क्लायंट बरेचसे शिरोली एमआयडीसीतले छोटे फाउंड्रीवाले, मशीन शॉपवाले. त्यांच्या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो तो जुळवणीत, म्हणजे एका बाजूला टॅलीतून काढलेलं परचेस रजिस्टर आणि दुसऱ्या बाजूला जीएसटी पोर्टलवरून उतरवलेला 2बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, ठेवायचा आणि बिल नंबर, तारीख, टॅक्सची रक्कम एकेक ओळ ताडून बघायची. हे सगळं ते इतकी वर्षं साडेअठरा इंची, 1366 बाय 768 च्या स्क्रीनवर करत होते, आल्ट टॅब मारत मारत, आणि मधेच एखादी रक्कम कागदावर लिहून घेत. ताई कितीतरी दिवस मागे लागली होती की मोठा स्क्रीन घ्या, डोळे चाललेत तुमचे. शेवटी एकदाचा घेतला, 34 इंची अल्ट्रावाईड म्हणजे जास्त रुंद मॉनिटर, 3440 बाय 1440, 100 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 100 चित्रं दाखवणारा. कॉम्प्युटर मात्र जुनाच, एका कंपनीतून निघालेला रिफर्बिश्ड छोटा डेस्कटॉप, आय5-8500, 8 जीबी रॅमची एक पट्टी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच इंटेल यूएचडी 630.

मॉनिटर आला 15 तारखेला. आदल्या दिवशी म्हणजे 14 ला 2बी आलेला असतो आणि 20 ला 3बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायचा असतो, म्हणजे महिन्यातले हेच पाच-सहा दिवस दाजींना मान वर करायला वेळ नसतो. मी पुण्यात, त्यामुळे सगळं फोनवर.

संध्याकाळी फोन आला. "अरे, हे सगळं ताणून बसवल्यागत दिसतंय बघ, टॅलीतली अक्षरं आडवी सुजल्यागत झाल्यात."

म्हणलं दाजी, डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन काय दाखवतंय ते सांगा. 1920 बाय 1080. म्हणजे विंडोज साधा फुल एचडी सिग्नल पाठवतंय आणि मॉनिटर तो आपल्या अंगाएवढा ताणतोय, रुंदीला 1.79 पट आणि उंचीला फक्त 1.33 पट, म्हणजे प्रत्येक अक्षर उंचीच्या मानाने साधारण एक तृतीयांश जास्त रुंद. सुजल्यागत हा शब्द अगदी बरोबर होता. मग त्यांना यादीत वर जायला लावलं, तिथे 3440 बाय 1440 होतं, ते निवडलं, अक्षरं एकदम धारदार झाली आणि दाजी खूश. दहा मिनिटांनी परत फोन, की माऊस चिकटतोय, एक्सेल वर-खाली केलं की ओळी उड्या मारतात, डोकं दुखायला लागलंय.

हे ऐकलं की एकच जागा बघायची. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, त्यात खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे दोन ओळी असतात, एक डेस्कटॉप मोड आणि दुसरी ॲक्टिव्ह सिग्नल मोड. पहिली म्हणजे विंडोजने डेस्कटॉप केवढा आखलाय ते, दुसरी म्हणजे वायरीतून खरोखर काय बाहेर पडतंय ते. बरेच जण पहिलीच वाचून सगळं नीट आहे म्हणतात, पण खरी दुसरी. दाजींनी वाचून दाखवलं, 3440 बाय 1440, 30 हर्ट्झ. यादीत दुसरा पर्यायच नव्हता. सेकंदाला तीसच चित्रं, म्हणून माऊस चिकटत होता.

दाजींनी तोवर जवळच्या एका दुकानात पण विचारलं होतं, तिथून उत्तर आलं की ऑनबोर्ड ग्राफिक्सला एवढा मोठा मॉनिटर ओढत नाही, कार्ड टाकून घ्या. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय आणि त्यावर लोकांचे इतके पैसे जाताना बघितलेत की हे प्रकरण सविस्तर लिहायचं ठरवलं ते त्याच्यासाठीच. एक्सेल, टॅली, ब्राउझर, पीडीएफ ह्यात ग्राफिक्सची ताकद हा प्रश्नच नाही. हिशोब करून बघा. 3440 गुणिले 1440 म्हणजे 49,53,600 पिक्सेल, प्रत्येकाला 4 बाइट धरले तर एक अख्खं चित्र साधारण 2 कोटी बाइट, 20 एमबीच्या आत. ते सेकंदाला 60 वेळा वाचलं तर 1.2 जीबीच्या आसपास. दाजींकडची रॅमची एकच पट्टी, 2666 ची, ती सेकंदाला 21 जीबी द्यायची क्षमता असलेली. म्हणजे त्या बिचाऱ्या चिपवर ओझं असं काही नाहीये. बायोसमध्ये जाऊन ग्राफिक्सची मेमरी 64 ची 128, 256 करा असा पण सल्ला मिळतो, 20 एमबीच्या चित्रासाठी त्याने काही फरक पडत नाही, दाजींच्यात आम्ही करून बघितलं, यादी होती तशीच राहिली.

अडचण चिपच्या ताकदीत नव्हती, दारात होती. कुठलं पोर्ट सेकंदाला किती पिक्सेल बाहेर सोडतं, एवढाच प्रश्न. आणि इथे मी स्वतः चुकलो आणि दाजींची एक अख्खी संध्याकाळ घालवली, ते पण सांगतो.

वायरीतून नुसते दिसणारे पिक्सेल जात नाहीत, प्रत्येक ओळीच्या शेवटी आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडी मोकळी जागा सोडलेली असते. कमीत कमी समास सोडायची जी पद्धत आहे, सीव्हीटी-आरबी, त्यात 3440 ची ओळ 3600 ची होते आणि 1440 ओळींच्या 1481 होतात. 3600 गुणिले 1481 गुणिले 60, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 32 कोटी, मेगाहर्ट्झमध्ये 320. दाजींनी मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडलेला. यूएचडी 630 चं एचडीएमआय आहे 1.4, आणि एचडीएमआय 1.4 च्या मानकात मर्यादा 340 मेगाहर्ट्झ, म्हणजे 34 कोटी. 32 बसतंय की 34 मध्ये! म्हणून मी ठामपणे सांगितलं की दाजी, 60 चाललंच पाहिजे, तुमची केबल खराब असणार. मग त्यांनी टीव्हीची केबल काढून लावली, शेजाऱ्यांची आणून लावली, ड्रायव्हर नवीन टाकला, मॉनिटरच्या मेनूत फिरले. 30 च्या वर जाईना.

रात्री झोप येईना म्हणून इंटेलचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर उघडून बघितला, तो सगळ्यांना वाचता येतो, आणि त्यात साफ लिहिलेलं सापडलं की हॅसवेल म्हणजे इंटेलच्या चौथ्या पिढीपासून पुढच्या ह्या पिढ्यांमध्ये चिपमधून थेट निघणाऱ्या एचडीएमआयला वरची मर्यादा 300 मेगाहर्ट्झ. 340 नाही, 300. मानक कितीही सोडू दे, इंटेलने आपलं दार 30 कोटीचंच ठेवलंय. चौथ्या पिढीपासून ते डेस्कटॉपच्या दहाव्या पिढीपर्यंत, म्हणजे आय5-4590 असो, आय5-8500 असो की आय3-10100 असो, सगळीकडे तेच.

आणि 300 च का, ते 4के कडे बघितलं की कळतं. 3840 बाय 2160 30 हर्ट्झला समासासकट 4400 गुणिले 2250 गुणिले 30, बरोबर 29.7 कोटी. म्हणजे 4के 30 ला त्या दारातून जेमतेम जातं. इथेच लोक फसतात, स्पेसिफिकेशनमध्ये 4के सपोर्ट वाचतात आणि म्हणतात 3440 तर 4के पेक्षा लहान, मग का नाही चालणार. पिक्सेलने लहान आहेच, पण 60 वेळा पाठवायचं म्हणलं की 4के 30 ला जेवढं लागतं त्यापेक्षा जास्त होतं. आकार आणि वेग दोन्ही एकत्र बघायला लागतात.

सकाळी दाजींना फोन करून आधी सॉरी म्हणलं, केबलचा काही दोष नव्हता. मग काम अडायला नको म्हणून तात्पुरता उपाय केला. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटर ॲपमध्ये स्वतःचं रिझोल्यूशन बनवता येतं, कस्टम म्हणून. त्यात 3440, 1440, 50 हर्ट्झ आणि टायमिंगला सीव्हीटी-आरबी निवडलं. 50 ला हिशोब येतो 26.5 कोटी, आरामात आत बसतो. टायमिंगला साधं सीव्हीटी ठेवलं तर समास मोठा होतो आणि ॲप लगेच सांगतं की हे बँडविड्थच्या बाहेर जातंय, मग लोकांना वाटतं 50 पण चालत नाही. 50 लागलं आणि दाजी म्हणाले, "आता बरं हाय, माऊस हातात आला." ज्यांच्या मशीनला एचडीएमआय सोडून दुसरं काही नाही आणि काम फक्त ऑफिसचं आहे, त्यांनी 50 वरच खुशाल राहावं असं माझं मत आहे. 55 पण बसतं, 29.3 कोटी. मात्र प्रत्येक मॉनिटर असे मधले आकडे घेतोच असं नाही, काही मॉनिटर काळा स्क्रीन देतात, तेव्हा पंधरा सेकंद काही न करता थांबायचं, विंडोज आपणहून मागच्या सेटिंगवर येतं.

पण मॉनिटर 100 चा घेतलाय तर 50 वर का राहायचं, आणि खरा रस्ता डिस्प्लेपोर्ट, म्हणजे डीपी, एचडीएमआयसारखंच चित्र नेणारं दुसरं पोर्ट. इथे दुसरा घोळ झाला. मी घाईत म्हणलं, दाजी, मॉनिटरला डीपीचं तोंड आहे त्यात वायर घाला. त्यांनी दुकानातून केबल आणली, एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्याला डीपी. एचडीएमआय कॉम्प्युटरला, डीपी मॉनिटरला. नो सिग्नल. ही केबल दिसायला दोन्हीकडून चालेल अशी दिसते पण ती एकाच दिशेची असते, कॉम्प्युटरकडून डीपी निघायला पाहिजे आणि मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटं करायचं असेल तर मधे चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, बहुतेकांना यूएसबीतून करंट पण द्यायला लागतो, आणि तो लावला तरी दार तेच एचडीएमआयचं, 30 कोटीचं, म्हणजे 60 मिळणार नाहीच. उलट बाजूने सुद्धा सावध राहायचं, कॉम्प्युटरला डीपी आहे म्हणून स्वस्तातली डीपी टू एचडीएमआय केबल लावली तर ते डीपी पोर्ट एचडीएमआयच्या भाषेतच बोलायला लागतं आणि मर्यादा परत 300 च्या आतच. डीपी टू डीपी, दोन्ही टोकं सारखी, हेच पाहिजे.

मग म्हणलं दाजी, कॉम्प्युटर जरा पुढे ओढा आणि मागचा फोटो पाठवा. फोटो आला. धुळीचा थर, एचडीएमआय, यूएसबी, आणि त्याच्या शेजारी एका पोर्टात घुसवलेला बोटभर लांबीचा काळा तुकडा, त्यातून निळ्या टोकाची व्हीजीए वायर बाहेर आलेली. फोटो मोठा करून बघितला, तुकड्याच्या वर पत्र्यावर डी आणि पी एकमेकांत घातलेली ती खूण आणि शेजारी दोन प्लस. डिस्प्लेपोर्ट होतं की! मशीन ज्याने दिलं त्याने पहिल्या दिवशीच जुन्या व्हीजीए मॉनिटरसाठी डीपीला कन्व्हर्टर लावून दिला होता आणि दाजी इतकी वर्षं ते व्हीजीएचंच पोर्ट समजत होते. म्हणजे सगळ्यात चांगलं दार 1366 बाय 768 च्या जुन्या स्क्रीनला दिलेलं आणि नवा 34 इंची एचडीएमआयच्या दारात अडकलेला.

18 तारखेला साडेचारशे रुपयांची दोन मीटरची डीपी केबल आणली. केबल घेताना एक बघायचं, चांगल्या केबलमध्ये 20 नंबरची पिन जोडलेली नसते, काही स्वस्त केबलमध्ये ती जोडलेली असते आणि मग मॉनिटरकडून करंट उलटा कॉम्प्युटरमध्ये शिरतो, मशीन चालू न होण्यासारखे विचित्र प्रकार होतात. वर्णनात व्हेसा (डिस्प्लेपोर्टचं मानक ठरवणारी संस्था) सर्टिफाइड लिहिलेली घेतली की ही काळजी राहत नाही.

केबल लावली आणि काहीही न करता 3440 बाय 1440, 60 हर्ट्झ आलं. मला वाटलं झालं, पण यादीत 100 दिसेना. चिपला 100 झेपत नाही असं म्हणावं तर इंटेल यूएचडी 630 ला डीपीवर 4096 बाय 2304 60 ला देतं, तेच सेकंदाला साडेछप्पन्न कोटी पिक्सेल झाले, आणि 3440 बाय 1440 100 ला म्हणजे साडेएकोणपन्नास कोटी. तिथे जागा आहे. मग मॉनिटरच्या मेनूत शिरायला लावलं, मागच्या बाजूला ती छोटी दांडी असते तिने. इनपुटच्या आत डिस्प्लेपोर्ट व्हर्जन असा पर्याय, आणि तो 1.1 वर. 1.1 वर डीपी खरोखर वापरता येणारे 8.64 गिगाबिट देतं, 60 हर्ट्झला लागतात 7.7 च्या आसपास, म्हणून 60 आलं. 100 ला लागतात 13. व्हर्जन 1.2 केलं की 17.28 मिळतात. दाजींनी 1.2 केलं, स्क्रीन दोन सेकंद काळा झाला, ते घाबरून म्हणाले गेलं बघ सगळं, आणि चित्र परत आलं. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये आता 100 होतं. ते आपणहून लागत नाही, हाताने निवडायला लागतं, आणि निवडल्यावर ती दुसरी ओळ परत वाचून घ्यायची.

एक्सेल वर-खाली केल्यावर फोनवर नुसता "आँ" ऐकू आला.

आता कार्डाबद्दल. दुकानातून दाजींना जे सुचवलं होतं ते जीटी 710, तीन-चार हजारात बसतं म्हणून. त्या कार्डाचं एचडीएमआय सुद्धा 1.4 च आहे आणि बाजारातल्या बहुतेक 710 ना डीपी नसतंच. म्हणजे पैसे गेले असते आणि 100 हर्ट्झ तरीही मिळालं नसतं. मशीनला डीपी नसेलच आणि 50 वर भागत नसेल तर कार्ड घ्यायलाच हरकत नाही, पण ते डीपी किंवा एचडीएमआय 2.0 बघून घ्या, नुसतं कार्ड आहे म्हणून नको. आणि प्रोसेसरच्या नावामागे एफ असेल, 10400एफ वगैरे, तर त्यात ग्राफिक्सच नसतं, मदरबोर्डवर पोर्ट दिसलं तरी ते मुकं असतं.

नवीन मशीनवाल्यांना हा त्रास कमी आहे. इंटेलच्या डेस्कटॉपमध्ये 2021 ला आलेल्या आय5-11400 वगैरेपासून एचडीएमआय 2.0 चिपमध्येच आहे, त्याचं दार 60 कोटीचं. जुन्या पिढीतल्या काही महागड्या बोर्डवर पण कंपनीने वेगळी चिप बसवून 2.0 दिलेलं असतं, म्हणून प्रोसेसरच्या पानावर विसंबू नका, बोर्डाचं किंवा मशीनचं मॅन्युअल उघडून पोर्टासमोर काय लिहिलंय ते वाचा. एएमडीच्या रायझेन 2200जी, 3200जी वाल्यांना हे जास्तच लागू, तिथे चिप 2.0 देते पण काही स्वस्त बोर्डवर पोर्ट 1.4 चंच असतं. आणि 165 हर्ट्झचा 3440 वाला मॉनिटर यूएचडी 630 वर पूर्ण वेगाने चालवायची अपेक्षा नको, ते 82 कोटीच्या घरात जातं, 100 पर्यंत समाधान मानायचं.

19 तारखेला दाजींची एकच तक्रार राहिली होती, अक्षरं बारीक. ते साहजिक आहे, जुन्या स्क्रीनवर इंचात 85 पिक्सेल होते, ह्याच्यावर 110. रिझोल्यूशन कमी करू नका म्हणून बजावलं, स्केल 125 टक्के करायला सांगितलं, अक्षरं मोठी होतात आणि धार तशीच राहते. जुन्या स्क्रीनवर एक्सेलचे साध्या रुंदीचे कॉलम टी पर्यंत दिसायचे. नव्यावर 100 टक्के स्केलला एझेड पर्यंत आणि 125 ला एपी पर्यंत, म्हणजे 42 कॉलम. डावीकडे परचेस रजिस्टर, उजवीकडे 2बी, आणि तरी मधे रिमार्क लिहायला जागा उरते.

जुना साडेअठरा इंची ताईने टाकून देऊ दिला नाही. त्याला साधा चिपवाला एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर आणला, तो आता एचडीएमआयवर बाजूला उभा आहे, त्याच्यावर पोर्टल उघडं असतं. ही चिप एका वेळी तीन स्क्रीन चालवते, त्यामुळे त्याचं काही अडत नाही. 3बी 20 च्या दुपारीच भरून झाले, आणि शिरोलीच्या एका क्लायंटची चार बिलं, जी गेल्या महिन्यात सापडत नव्हती, ती दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर दिसली, पुरवठादाराने बिल नंबरमधला शून्य ओ म्हणून टाकला होता.